जिभेची पारख आणि नांवाची पारख

‘देशी दारू’ हे शब्द मुंबईच्या उपनगरांत कानीं पडले कीं सुशिक्षित घरांतील माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि तें अकारण नाहीं. गोवंडीहून फार दूर नसलेल्या विक्रोळींत २००४ सालीं, आणि मालाडच्या मालवणींत २०१५ च्या जून महिन्यांत, विषारी दारूनें कित्येक संसार उजाड केले. एकट्या मालवणींत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. परंतु याच दोन शब्दांखालीं कायद्यानें आणखीहि एक वस्तु वर्षानुवर्षें बसविली होती. ती म्हणजे काजूची फेणी. हीं दोन पेयें एकाच पंक्तीचीं आहेत काय?

मद्यें चाखून त्यांविषयीं लिहिणें हा पाश्चात्य देशांत एक मान्य व्यवसाय आहे. असा लेखक द्राक्षांच्या मळ्यांतून, भट्ट्यांवरून आणि तळघरांतून सारखा हिंडत असतो. बाटली तर घरबसल्याहि चाखतां येते. मग ही पायपीट कशाला? याचें उत्तर गोव्यांत काजूच्या हंगामांत मिळण्यासारखें आहे.

काजूचें झाड मूळचें ब्राझीलचें. पोर्तुगीजांनीं तें सोळाव्या शतकांत या किनाऱ्यावर आणलें. मार्च ते मे या महिन्यांत, पिकून आपोआप गळालेलीं बोंडें वेंचावयाचीं हा जुन्या रीतीचा पहिला नियम. बी वेगळी काढली कीं बोंडें खडकांत कोरलेल्या उथळ कुंडांत पायांनीं तुडवितात. उरलेल्या चोथ्यावर दगडाचें ओझें ठेविलें म्हणजे जो नितळ रस ठिबकतो तो नीरो; तो ताजाच पितात. तुडवून काढलेला रस कांहीं दिवस आंबूं देतात. त्यांत बाहेरून साखर पडत नाहीं कीं खमीर पडत नाहीं. फळाबरोबर आलेले सूक्ष्म जीवच तें काम करतात. मग हा रस ‘भाण’ नांवाच्या भांड्यांत चुलीवर उकळतात. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यांत जाते आणि त्यावर ओतलेल्या गार पाण्यानें निवून थेंबाथेंबानें जमते. पहिल्या उकळीचा तो हुर्राक. त्यांत मद्यार्क सुमारें १५ टक्के. तो फार दिवस टिकत नाहीं, म्हणून हंगामांतच संपतो. हुर्राकांत आंबलेला रस मिसळून पुन्हां उकळला म्हणजे ४० ते ४५ टक्क्यांची फेणी उतरते.

फेणी हें नांव फेसावरून पडलें असें मानतात. बाटली हलविली असतां वर मण्यांसारखे बुडबुडे उठतात. ते किती वेळ टिकतात यावरून जुना भाटीवाला तिची तीव्रता ताडतो. लिहिणाऱ्या परीक्षकाचें साधन मात्र नाक आणि जीभ. काजूबोंडाचा उग्र वास पहिल्या भेटींत नाकाला झोंबतो. पण तो वासच या फळाची खूण आहे. घोटांत करपटपणा लागला तर भाण तळाशीं लागलें असावें. आंबट झांक आली तर रस अधिक दिवस राहिला असावा. अशा रीतीनें पेल्यांतील चवीवरून तो भाटीवरच्या कामाचा माग काढीत जातो.

पण जिभेच्या या विद्येला एक सीमा आहे. मेथेनॉल हें कारखान्यांत द्रावक म्हणून वापरलें जाणारें रसायन. तें दिसावयास पाण्यासारखें, आणि वासानें व चवीनें पिण्याच्या मद्यार्काशीं इतकें मिळतेंजुळतें कीं मिश्रणांत तें निष्णात परीक्षकालाहि ओळखूं येत नाहीं. पोटांत गेल्यावर यकृतांत त्याचें प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल बनतें. तें डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें. दृष्टि जाते, आणि पुष्कळदां प्राणहि जातो. फळांच्या मद्यांत मेथेनॉलचा अल्प अंश आपोआपच उतरतो. मालवणींतील बळी अशा अंशाचे नव्हत. ते दारूंत मिसळलेल्या औद्योगिक मेथेनॉलचे होत. तेव्हां पेल्यांत विष आहे कीं नाहीं याचा निवाडा जीभ देऊं शकत नाहीं. तो रसायनशाळा देते. आणि तिच्या खालोखाल, ज्यानें दारू गाळली त्या माणसाची ओळख देते. परीक्षकाची पायपीट या ओळखीसाठीं असते.

आमच्या इकडे ही ओळख पुसण्यास फार पूर्वींच आरंभ झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद पडत गेल्या. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. गोवंडी त्या काळीं ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० सालीं निराळा झाला. पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पिणें थांबलें नाहीं, पण गाळणारा अंधारांत गेला. अंधारांत गाळणाऱ्याला नांव नसतें, आणि नांव नसलें कीं तें राखण्याची चिंताहि उरत नाहीं. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होता. तेथें भाटी उघड्यावर राहिली.

फ्रान्सनें कोन्याकचा प्रदेश १९०९ सालीं आंखून दिला. मेक्सिकोनें टेकिलाचें नांव १९७४ सालीं कायद्यानें जपलें. फेणीला भौगोलिक मानांकन मिळावयास २००९ साल उजाडलें, आणि २०१६ मध्यें गोवा सरकारनें तिला वारशाचें पेय ठरविलें. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गांत काजूची बी विकली जाते आणि कितीतरी बोंडें बागेंतच कुजतात. महाराष्ट्र सरकारनें २०२२ च्या एप्रिलमध्यें काजूबोंडें व मोहाफुलें यांच्या मद्यांना देशी वर्गांतून काढून विदेशी मद्याच्या वर्गांत बसविण्याचा निर्णय घेतला. घरच्या फळाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्याला विदेशी म्हणावें लागलें, यांत विनोद आहे खरा; पण त्यामागचा हेतु ध्यानांत घेण्याजोगा आहे.

मद्य प्यावें कीं न प्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. न पिणाऱ्याचें त्यांत कांहींच अडत नाहीं. परंतु ‘देशी’ या एका शब्दानें भाटीवाला आणि विष मिसळणारा यांना एकाच पंक्तीला बसवूं नये. बाटलीवर गांव, हंगाम आणि गाळणाराचें नांव असलें म्हणजे उद्यां कांहीं बिघडलें तर जाब कोणाला विचारावयाचा, हें तरी ठाऊक असतें. मालवणींतील कुटुंबांना तो आधार नव्हता.