धुळीच्या वादळानंतर झाडू नको, ओलं फडकं घ्या

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबईवर दिवसभर धुरकट आभाळ होतं. पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीने उभ्या गाड्यांवर पांढरट थर चढवला होता. १३ मे २०२४ चं वादळ, ज्यात घाटकोपरचं होर्डिंग कोसळून माणसं गेली, ते वेगळ्या जातीचं. गडगडाटी ढगातून खाली आदळलेल्या वाऱ्याने तिथलीच धूळ उधळली आणि पाठोपाठ पाऊस आला. घर सावरताना हा फरक फार कामाचा आहे. पावसाने धुतलेली हवा थोड्या वेळाने खुशाल आत घ्यावी. दुरून आलेली धूळ मात्र रेंगाळते. तोवर खिडक्या बंदच बऱ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहून खिडक्या कधी उघडायच्या ते ठरवता येतं.

खिडक्या लावल्या तरी धूळ आत येतेच. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बोट फिरवलं की कळतं. डासांच्या जाळीचा उपयोग नाही. तिची भोकं मिलिमीटरभराची, आणि १० मायक्रॉनचा धूलिकण मिलिमीटरचा शंभरावा भाग.

आत आलेल्या कणांचं पुढे काय होतं, हे त्यांच्या आकारावर ठरतं. कणाचा व्यास दहापट कमी झाला, की खाली बसण्याचा वेग जवळजवळ शंभरपट कमी होतो. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा वाळूचा कण छतापासून लादीपर्यंत साधारण सहा मिनिटांत येतो; १ मायक्रॉनच्या कणाला नऊ तास लागतात. पंखा चालू असेल तर त्याहून जास्त. मोठा कण बहुधा नाकाघशात अडकतो, बारीक कण मात्र फुप्फुसांत खोलवर पोहोचतो.

म्हणजे वादळ सरेपर्यंत जाडसर धूळ खाली बसलेली असते. तिथे ती कुणाला त्रास देत नाही. आपण झाडू फिरवतो आणि तीच पुन्हा नाकाच्या उंचीवर आणतो. झटकणीचंही तेच. ओल्या फडक्याला मात्र कण चिकटून राहतात आणि बादलीत जातात.

सुरुवात पंख्यापासून करावी, पण तो चालू न करता. पात्याच्या पुढच्या कडेवर सगळ्यात जाड थर असतो. जुना अभ्रा पात्यावर चढवून तो दाबत ओढून घेतला, की धूळ अभ्र्याच्या आत राहते. मग कपाटांचे माथे, खिडकीच्या पट्ट्या, आणि लादी शेवटी. पाणी दोन-तीनदा बदलावं. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर हेपा फिल्टरचाच. साधा क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो.

साधा स्प्लिट एसी घरातलीच हवा फिरवतो. त्याच्या जाळीत कापसासारखी लव अडकते, बारीक धूळ नाही. तरी वादळानंतर ती जाळी धुवून वाळवून बसवावी. एअर प्युरिफायर घेताना त्याचा सीएडीआर, म्हणजे तो तासाला किती स्वच्छ हवा देतो, ते बघावं. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासात पाचदा गाळायची तर सीएडीआर तासाला १७० घनमीटर हवा. कुंडीतल्या रोपांकडून हे काम होत नाही, रोपं कितीही आवडती असोत. वादळाच्या दिवशी उदबत्ती, धूप आणि तळण टाळलं, तर बारीक कणांत आणखी भर पडत नाही.

पुसून झालं तरी रात्रभर बारीक कण उतरत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी लादी पुन्हा ओल्याने पुसावी. आणि हे काम करणारीच्या नाकात ही धूळ सगळ्यांत आधी जाते. घरी मावशी येत असतील तर त्यांच्या हातातला झाडू त्या दिवशी बाजूला ठेवायला सांगा आणि त्यांना एन-९५ मास्क द्या. साध्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही.