नाडी आहे की नाही?

हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला वाचवायचे तर त्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावी लागते. हृदयाचे काम तेवढ्यापुरते हात करतात. पण हृदय पुन्हा आपले आपण चालू झाले, हे कसे कळणार? त्यासाठी डॉक्टर साधारण दर दोन मिनिटांनी थांबून मानेतली नाडी पाहतात. या तपासणीला १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नसतो, कारण छाती दाबणे थांबताच मेंदूचा आणि खुद्द हृदयाचा रक्तपुरवठाही तुटतो.

नाडी पाहणे सोपे वाटते. तुमच्या वर्गातला विद्यार्थीही मनगटावर ती शोधून दाखवील. पण ती निरोगी माणसाची नाडी. बोटांना रक्ताचा प्रवाह जाणवत नाही. ठोक्याबरोबर दाब वाढून रोहिणी फुगते, ते जाणवते. दाब फार कमी असेल तर ती जेमतेमच फुगते. शिवाय घाईच्या वेळी तपासणाऱ्याला स्वतःच्या बोटांतलीच नाडी रोग्याची वाटू शकते.

हा घोटाळा किती होतो, हे जर्मनीतील एका चाचणीत दिसले. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. हृदयशस्त्रक्रियेत रक्ताभिसरण काही काळ यंत्राकडे असते. यंत्र रक्त सलग ढकलते तेव्हा रोगी सुरक्षित असतो, पण त्याला नाडी नसते. अशा शस्त्रक्रियांच्या वेळी २०६ जणांना रोग्याच्या मानेतली नाडी तपासायला सांगितले. नाडी असताना सुमारे ४५ टक्के वेळा ती सापडली नाही. नसताना सुमारे १० टक्के वेळा ‘आहे’ असे उत्तर आले. खऱ्या प्रसंगी ही दुसरी चूक प्राणघातक ठरते, कारण तिच्यामुळे छाती दाबणेच थांबते.

मग बोटांऐवजी ध्वनी वापरला तर? आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मानेच्या सोनोग्राफीत वारंवारता ७५ लाख हर्ट्झच्या आसपास असू शकते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. त्याला वारंवारतेने भागा : तरंगलांबी येते सुमारे ०.२ मिलिमीटर. म्हणूनच काही मिलिमीटर रुंदीची रोहिणी पडद्यावर स्पष्ट दिसते. प्रोब हलकेच दाबला की शेजारची नीला चपटी होते; रोहिणी सहसा गोल राहते आणि हृदय चालू असेल तर ठोका देताना दिसते. डॉप्लर परिणाम याहून पुढे जातो. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदललेली असते. त्यावरून प्रवाह आहे का आणि किती वेगाने, हे कळते. बोटांना न जाणवणारे दुबळे ठोकेही अशा वेळी सापडू शकतात.

पण यंत्रालाही वेळ लागतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सोनोग्राफी केली तेव्हा थांबण्याचा काळ सरासरी २१ सेकंद झाला. न करता तो १३ सेकंद होता. म्हणजे उत्तर अचूक मिळवण्याच्या नादात रोग्याचेच नुकसान! यावर उपाय म्हणजे छाती दाबणे चालू असतानाच प्रोब मानेवर नीट ठेवायचा, थांबल्यावर काही सेकंदांचे चित्रण करायचे आणि लगेच पुन्हा दाबायला लागायचे. छाती दाबतानाही रोहिणी हलताना दिसते, म्हणून तेवढे थांबणे टळत नाही. दुसरे असे, की प्रवाह दिसला म्हणजे तो मेंदूला पुरेसा आहेच, असे नव्हे. निर्णय डॉक्टरांनाच घ्यावा लागतो.

आणि तुमच्याआमच्यासमोर कोणी कोसळले तर? सामान्य माणसाने नाडी शोधावी, ही अपेक्षा २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी काढूनच टाकली. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पाहणे पुरे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा आणि छाती दाबायला लागा. विद्यार्थ्यांना नाडी शिकवाल, त्याच तासाला हेही जरूर शिकवा.