एपिसोडचा मजकूर: विधेयकाचं शेवटचं पान आधी उघडा

‘कायदे कसे ट्रॅक करायचे’ हे नाव वाचून निम्मे जण पुढचा भाग लावतात, मला माहितीय. म्हणून आधीच सांगते, मी आज वेबसाइटची यादी वाचून दाखवणार नाही. तशा याद्या व्हॉट्सॲपवर ढीगभर फिरतात आणि कुणी उघडत नाही. आपण एकच कायदा घेऊ. तो मसुदा असल्यापासून लागू होईपर्यंत कुठून कुठे गेला ते बघू, आणि त्या वाटेवर कुठली फुकट साइट कुठे कामाला येते ते बघू.

कायदा आहे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. तुमचा नंबर, तुमचं लोकेशन, तुमचे फोटो कंपन्यांनी कसे वापरावेत, परवानगी कशी घ्यावी, यासाठी केलेला. बातम्यांतही तेवढंच आलं. पण या कायद्यात ४४ कलमं आहेत आणि त्यातलं अगदी शेवटचं कलम दुसऱ्याच कायद्यांना हात लावतं. ४४ (३) मध्ये माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, म्हणजे आपल्या आरटीआयमध्ये, बदल केलेला आहे.

बदल नेमका काय? आरटीआयच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये, इंग्रजी प्रतीत ‘जे’ मध्ये, आधी असं होतं: एखादी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होणार असेल, तर ती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागते. शिवाय खाली एक सुंदर ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदार आणि तुम्ही एका रांगेत. आता त्या जागी एवढंच उरलंय: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. अटी गेल्या, खालची ओळ गेली.

‘मग चांगलंच आहे की, माझी माहिती कुणी का मागावी?’ असं कुणी म्हणेल. रास्त प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि त्याच्याशी मेळ घालायला हा बदल केला असं सरकारचं म्हणणं आहे. पण भ्रष्टाचाराच्या कागदावर असतं काय, ते बघा. नावं असतात. राजस्थानात १९९४ मध्ये कोटकिराणा गावात पहिली जनसुनवाई झाली, तेव्हापासून या चळवळीत मजुरीचे मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत पडली. नाव वाचलं की गावच सांगतं, हा माणूस तर कामावर आलाच नव्हता. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कुलाब्याची ३१ मजली आदर्श सोसायटी घ्या. सदस्यांच्या यादीत मुख्यमंत्र्यांच्या नातेवाइकांची नावं आहेत हे बाहेर आलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांना राजीनामा द्यावा लागला. आरटीआयमधून निघालेल्या कागदांचा त्या प्रकरणात मोठा वाटा होता. दोषी कोण, निर्दोष कोण हे कोर्टाचं काम. माझा मुद्दा यादीचा आहे. सदस्यांची यादी ही वैयक्तिक माहिती आहे की नाही, सांगा बरं.

आता मागे जाऊ. हा बदल एका रात्रीत आला नाही. १८ नोव्हेंबर २०२२ ला सरकारनं या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. त्यात ३० कलमं होती आणि आरटीआयचा बदल ३० व्या कलमात होता. तेव्हाही शेवटीच! संसदेत विधेयक आलं ३ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे साडेआठ महिन्यांनी. ज्यांनी मसुदा शेवटपर्यंत वाचला त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

मसुदे कुठे दिसतात? त्या त्या मंत्रालयाच्या साइटवर, आणि बऱ्याचदा मायगव्हवर. केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे दरवेळी पाळलं जातंच असं नाही. ‘सिव्हिस’ नावाची मुंबईतली एक ना-नफा संस्था असे खुले मसुदे सोप्या भाषेत मांडते आणि सूचना पाठवायची सोयही देते. मोबाइलवर नीट चालते. मसुद्याच्या टप्प्यासाठी मला तीच सगळ्यात सोयीची वाटते.

विधेयक सभागृहात मांडलं की पुढची जागा म्हणजे संसदेची स्वतःची साइट, संसद डॉट इन. मांडलेल्या विधेयकाची पीडीएफ तिथे मिळते. ती उघडल्यावर पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, झोप येईल. पीडीएफमध्ये शोधायची सोय असते तिथे इंग्रजीत ‘सब्स्टिट्यूटेड’ टाका, मग ‘ओमिटेड’ टाका. जुन्या कायद्यातलं काही बदलायचं किंवा काढायचं असेल तर हे शब्द येतातच. या विधेयकात हा शोध तुम्हाला थेट शेवटच्या कलमावर नेऊन सोडतो. दोन मिनिटांचं काम.

विधेयकाचा अर्थ लावायला पीआरएस बघा. २००५ पासून चालणारी ही ना-नफा संशोधन संस्था विधेयकांची पानं तयार करते. मूळ मजकूर, थोडक्यात सार, कळीचे मुद्दे, कुठल्या तारखेला कुठल्या सभागृहात काय झालं, सगळं एका जागी. राज्यांची विधेयकंही तिथे असतात. मराठीत नाही, ही माझी जुनी तक्रार. भाषांतराचं ॲप लावून काम भागतं, पण कायद्यातला ‘शॅल’ आणि ‘मे’ मुळातच बघा. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल, ‘मे’ म्हणजे करता येईल. भाषांतरात हा फरक पुसला गेला तर अर्थच फिरतो.

त्याच पानावरच्या तारखा वाचल्या की वेग कळतो. ३ ऑगस्टला मांडलं, ७ ला लोकसभेत मंजूर, ९ ला राज्यसभेत, ११ ला राष्ट्रपतींची सही. २०१९ चं आधीचं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं, हे कुठल्याच समितीकडे गेलं नाही. आणि दोन्हीकडे आवाजी मतदान. पीआरएसवर तुमच्या खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग दिसतो. मंत्र्यांची हजेरी मात्र दिसत नाही, कारण ते हजेरीपटावर सहीच करत नाहीत. या विधेयकावर तुमच्या खासदारानं कुठल्या बाजूनं मत दिलं? ते कुठल्याही साइटवर सापडणार नाही. आवाजी मतदानात नावानिशी नोंद होत नाही. साधन कितीही भारी असलं तरी जे लिहूनच ठेवलं नाही ते ते कुठून दाखवणार?

पुढचा टप्पा लोक हमखास विसरतात. मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. सही २०२३ मध्ये झाली, पण कुठलं कलम कधीपासून हे राजपत्रातली अधिसूचना ठरवते. ती ई-गॅझेटच्या साइटवर फुकट मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची अधिसूचना आली आणि तिच्यात जे दिसतं ते मला आजही खटकतं. कंपन्यांनी तुमची संमती कशी घ्यायची, तुमचे हक्क काय, ही मुख्य कलमं १८ महिन्यांनी लागू. आरटीआयचा बदल लगेच लागू! बातमीचा मथळा होता ‘डेटा संरक्षण कायदा आला’. राजपत्र वाचणाऱ्याला क्रम दिसला.

कुठलाही कायदा आज कसा आहे हे बघायला ‘इंडिया कोड’ ही सरकारी साइट आहे. कुठल्या कायद्यानं काय बदललं ते तळटीपेत असतं. ग्रुपवर कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकलेली आरटीआयची पीडीएफ असेल तर ती आता जुनी झाली, एवढं लक्षात ठेवा.

राज्याबद्दल थोडक्यात. आपल्या रोजच्या कामात कायद्यापेक्षा जीआर जास्त येतो. शासन निर्णयांची वेगळी साइट आहे, मराठीत आहे, आणि विभाग, तारीख किंवा शब्द टाकून शोधता येतं. प्रत्येक जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. स्कॉलरशिपचा किंवा भरतीचा ‘नवा जीआर’ म्हणून काही आलं की तो संकेतांक साइटवर टाकून बघा. सापडला नाही तर फॉरवर्ड करू नका.

मग आता आरटीआय टाकायचा की नाही? टाकायचा. अर्ज ऑनलाइन होतो, केंद्रासाठी वेगळं पोर्टल आणि महाराष्ट्रासाठी वेगळं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. नावाशिवाय काम होत असेल तर पदनाम, रक्कम, तारीख, मोजमाप पुस्तिकेची प्रत असं मागा. नावच हवं असेल तर ते का हवं ते एका वाक्यात लिहा आणि कलम ८ (२) चा उल्लेख करा. ते कलम अजून शाबूत आहे. माहिती देण्यातलं जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर ती देता येते, असं ते म्हणतं. फक्त तिथे ‘देता येते’ आहे, ‘द्यावीच लागेल’ नाही. ‘मे’ आणि ‘शॅल’ उगाच नव्हतं सांगितलं.

नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. महाराष्ट्रात त्याची फी २० रुपये. त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. नकाराच्या पत्रात नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ असं लिहून आलं असेल, तर अपिलात पहिला मुद्दा हाच घ्या की ८ (२) चा विचार केला का, आणि केला असेल तर तो पत्रात का दिसत नाही.