किंगबाईंची ‘टॅपेस्ट्री’

गीत रचणें ही एक विद्या आणि तें चारचौघांपुढें स्वतः गाणें ही दुसरी. पहिलींत निष्णात असलेलीं माणसें दुसरीला पुष्कळदां बिचकतात. अमेरिकेंतील कॅरोल किंग या बाईंचीहि प्रथम हीच स्थिति होती.

१९४२ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेल्या या बाईंचा विवाह सतराव्या वर्षीं झाला. पति जेरी गॉफिन शब्द लिहीत व पत्नी चाल बांधी. त्यांचें ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हें गीत शिरेल्स या गायिकांनीं गाइलें आणि १९६१ मध्यें तें देशांत पहिल्या क्रमांकास पोंचलें. पुढें अशीं अनेक गीतें गाजलीं. पण कीर्ति गाणारांची झाली, रचणारीचें नांव तबकडीवरील बारीक अक्षरांतच राहिलें. १९६८ च्या सुमारास संसार दुभंगला आणि दोन लहान मुलींसह बाई लॉस एंजेलिस येथें राहावयास गेल्या.

तेथें जेम्स टेलर या गायक मित्रानें त्यांना लोकांपुढें गाण्याचा आग्रह केला. १९७० मधील ‘रायटर’ या त्यांच्या गीतसंग्रहाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं; तरी बाई खचल्या नाहींत. जानेवारी १९७१ मध्यें, पूर्वीं चार्ली चॅप्लिनच्या मालकीच्या असलेल्या हॉलीवुडमधील जागेंत, लू ऍडलर यांच्या देखरेखीखालीं बारा गीतें मुद्रित झालीं. पुढच्याच महिन्यांत तीं ‘टॅपेस्ट्री’ या नांवानें बाहेर पडलीं. टॅपेस्ट्री म्हणजे रंगीत धाग्यांनीं चित्र उठविलेलें वस्त्र. वेष्टनावरील छायाचित्रांत बाई घरच्या खिडकींत अनवाणी बसल्या आहेत. हातांत स्वतः भरलेलें वस्त्र आणि पुढें मांजर!

गाण्याचा थाटहि असाच घरगुती. वाद्यें बेताचीं, बाई शेजारच्या खोलींत पियानोवर बसल्या आहेत असें वाटावें. आवाज किंचित् घोगरा, फारसा कमावलेला नव्हे. ‘नॅचरल वूमन’ हें त्यांचेंच गीत अरेथा फ्रँकलिन यांनीं १९६७ मध्यें भरदार कंठानें गाजविलें होतें. त्या मानानें बाईंचा कंठ उणा खरा. पण येथें गीत रचणारीच आपलें मनोगत सांगत आहे असें वाटतें, आणि उणीव विसरली जाते.

लोकांनीं हेंच उचलून धरलें. ‘रोलिंग स्टोन’मध्यें जॉन लँडाऊ यांनीं त्यांतील जिव्हाळ्याची वाखाणणी केली. ‘बिलबोर्ड’च्या यादींत संग्रह पंधरा आठवडे अग्रस्थानीं राहिला. १९७२ मध्यें चार ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. वर्षांतील उत्कृष्ट गीतरचनेचें पारितोषिक एका स्त्रीला मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. समारंभास मात्र बाई गेल्या नाहींत. घरीं तान्ही मुलगी होती.

आवाज गोड नाहीं म्हणून आपल्या घरांतहि किती जणी ओठांवरचें गाणें गिळतात! त्यांनीं ही तबकडी एकदां अवश्य ऐकावी.