वेब अनुप्रयोग सर्व्हरची स्थापनोत्तर संरचना : द्रोणागिरी परिसरातील कंटेनर व्यवहारांच्या संदर्भात

प्रस्तावना

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले आणि उरणजवळच्या द्रोणागिरी परिसराचे रूप पालटले. सिडकोने वसविलेल्या या विभागात आज गोदामे व कंटेनर फ्रेट स्टेशने आहेत. कंटेनर केव्हा आत आला, कोठे ठेवला, त्याचे भाडे किती झाले, या नोंदी संगणकावर ठेवल्या जातात. संगणक थांबला की फाटकावर ट्रेलरची रांग लागते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीमुळे बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. तिचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीत होता. परंतु प्रसारासाठी तिने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झालेली होती. दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती बसविलेली असणे यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी दिसले.

अशा नोंदींचे अनुप्रयोग चालविण्यासाठी अपाची टॉमकॅट हा जावावर आधारित मुक्त सर्व्हर सर्रास वापरला जातो. त्याची स्थापना काही मिनिटांत होते, ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर स्वागतपृष्ठ उमटते आणि काम संपल्याचा भास होतो. खरे काम तेथून पुढे सुरू होते.

प्रवेशद्वारांचा बंदोबस्त

‘सर्व्हर.एक्सएमएल’ या संरचना-धारिकेत पोर्टांची नोंद असते. ८००५ हे पोर्ट सर्व्हर बंद करण्यासाठी असते. त्यावर ‘शटडाउन’ हा ठरावीक शब्द पाठविला की सर्व्हर थांबतो. हे पोर्ट त्याच यंत्रापुरते मर्यादित असले, तरी त्या यंत्रावर अनेकांचा वावर असल्यास त्याचे मूल्य उणे एक करून ते बंद करणे श्रेयस्कर. ८००९ हे एजेपी पोर्ट पूर्वी स्थापनेबरोबरच उघडे असे. ‘घोस्टकॅट’ नावाने ओळखली जाणारी त्रुटी २०२० मध्ये उघड झाली आणि त्यामार्गे अनुप्रयोगातील धारिका परक्यास वाचता येतात, हे निष्पन्न झाले. आवृत्ती ९.०.३१ पासून हे पोर्ट मूळ संरचनेत बंद ठेवले जाते. जुनी संरचना-धारिका जशीच्या तशी नव्या आवृत्तीत आणणाऱ्याने मात्र सावध राहावे.

सर्व्हर ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याने चालवू नये, त्यासाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते असावे. लिनक्सवर १०२४ च्या खालील पोर्टांना सामान्यतः विशेष अधिकार लागतात. म्हणून एनजिनएक्ससारखा सर्व्हर पुढे उभा करून ४४३ वरील सुरक्षित वाहतूक त्याने ८०८० कडे वळवावी. नमुन्यादाखल आलेले अनुप्रयोग काढून टाकावेत.

रांगेचे गणित

टॉमकॅट मूळ संरचनेत एका वेळी जास्तीत जास्त २०० थ्रेड चालवितो. डेटाबेसशी जोडण्यांचा साठा, म्हणजे कनेक्शन पूल, मात्र स्वतंत्रपणे ठरतो; मर्यादा न दिल्यास अंगभूत पुलात केवळ ८ जोडण्या मिळतात. २०० विनंत्या एकदम आल्या, तर ८ पुढे सरकतात आणि उरलेल्या ताटकळतात. प्रतीक्षेची कमाल मर्यादाही मुळात अमर्याद असते, त्यामुळे त्रुटीचा संदेशही येत नाही. पडदा नुसता फिरत राहतो. फाटकावरील लिपिकास वाटते की नेटवर्क गेले. पूल वाढविणे हा उपाय खरा, पण आंधळेपणाने नव्हे : पोस्टग्रेस डेटाबेस मुळात १०० जोडण्या स्वीकारतो, त्यामुळे प्रत्येकी ३० जोडण्यांचे चार सर्व्हर त्यास जोडल्यास शेवटचा सर्व्हर अडणारच. प्रतीक्षेस काही सेकंदांची मर्यादा घालावी, म्हणजे दोष निदान दिसतो तरी.

काळ आणि लिपी

सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर असते, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. अनुप्रयोगाने वेळ रूपांतरित न करता साठविल्यास २ तारखेच्या पहाटे चार वाजता आलेला कंटेनर १ तारखेच्या रात्री साडेदहाला आल्याची नोंद होते. भाडे दिवसांवर मोजले जात असल्याने ग्राहकाच्या देयकात एक दिवस वाढतो, आणि वादाला तोंड फुटते. यासाठी ‘बिन’ निर्देशिकेत ‘सेटएनव्ही’ नावाची धारिका तयार करून तीत कालक्षेत्र ‘आशिया/कोलकाता’ असे स्पष्ट नोंदवावे. ही धारिका स्थापनेसोबत येत नाही, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. स्मृतीची कमाल मर्यादाही याच धारिकेत देता येते.

देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘उरण’ या शब्दास नऊ. टॉमकॅट ७ पर्यंत दुव्यातील मजकूर लॅटिन संकेतप्रणालीनुसार वाचला जात असे आणि नऊ बाइटांची नऊ निरर्थक चिन्हे होत. आठव्या आवृत्तीपासून हा दोष दूर झाला. मात्र अर्जाद्वारे पाठविलेल्या मजकुराबाबत नवव्या आवृत्तीतही संकेतप्रणाली स्वतंत्रपणे सांगावी लागते, आणि त्यासाठीचा फिल्टर अन्य सर्व फिल्टरांच्या आधी ठेवावा लागतो. एखाद्या फिल्टरने मजकूर आधीच वाचला असेल, तर नंतरची सूचना निष्फळ ठरते. चाचणी इंग्रजी नावांनीच घेतली गेल्यास हा दोष लपून राहतो. म्हणून पहिली चाचणी-नोंद ‘द्रोणागिरी’ अशी जोडाक्षरासह भरून, ती डेटाबेसमधून पुन्हा वाचून ताडून पाहावी.