उसाच्या घरी भाजी विकतची?



बांधापासून बांधापर्यंत ऊस, आणि मेथीच्या जुडीसाठी मात्र आठवडे बाजार! उसाचे बिल हप्त्याने येते, भाजीला रोख पैसे लागतात. ते मोजते कोण? घरची बाई. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्यासाठी.

जागा नाही ही सबब सोडा. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा, फुटकी बादली, काहीही चालते. तणनाशक-कीटकनाशकाचा डबा मात्र नको; कितीही धुतला तरी तो विषारीच.

बुडाला चार-पाच भोके पाडून त्यावर कौलाचे तुकडे ठेवा. दोन पाट्या माती, एक पाटी जुने शेणखत, एक पाटी कुजलेले पाचट असे मिसळून भरा. पाचट ताजे घातले तर कुजताना नत्र ओढते नि रोप पिवळे पडते.

पहिल्यांदाच करताय? मग टोमॅटोच्या नादी लागू नका. मसाल्याच्या डब्यातल्या मेथ्या पेरा, महिन्याभरात भाजी. धने रगडून, दोन फाकी करून टाका. पालक उपटू नका, कापा, पुन्हा फुटतो. मिरचीची दोन रोपे लावा.

पाच-सहा तास ऊन हवे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. आधी बोट खुपसून पाहा. ओल लागली तर थांबा. उसासारखे पाट सोडलेत तर मुळे कुजलीच समजा!

चार डब्यांनी बाजार सुटणार नाही, हे खरे. पण सांजच्याला पाहुणा आला, तर कोथिंबिरीसाठी पोराला शेजारी पिटाळावे लागणार नाही.