चार चाकांची ओढ आणि डिझेलचा हिशेब

ट्रॅक्टर अथवा जीप घेऊ इच्छिणारा शेतकरी विक्रेत्याकडे गेला, म्हणजे त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : हे यंत्र डिझेल किती खाते ? अलीकडे त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. केवळ मागील चाकांना गती असलेले यंत्र घ्यावे, की चारही चाकांना गती असलेले, म्हणजे ज्यास आपण ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ म्हणतो ते, घ्यावे ? दुसऱ्या प्रकारच्या यंत्राची किंमत अधिक असते. ते डिझेल जास्त खाते असे काही जण सांगतात. ते डिझेल वाचवते असे दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. यंत्र कोणत्या जमिनीवर चालते, यावर हा निकाल अवलंबून असतो. ही गोष्ट नीट समजून घेतली नाही, तर कर्जाचा वाढीव हप्ता आणि डिझेलचा वाढीव खर्च हे दोन्ही एकाच पिकाच्या उत्पन्नातून भागविण्याची पाळी येते.

पक्क्या रस्त्यावर

प्रथम मोटारीचा विचार करू. चारही चाकांना गती द्यावयाची, तर एक जादा दांडा, जादा दातचक्रांची पेटी आणि दुसऱ्या आसासाठी वेगळा डिफरन्शियल लागतो. हे सर्व वजन मोटारीने सदैव वाहून न्यावयाचे असते. शिवाय पेटीतील घट्ट तेल घुसळण्यात व दातांच्या घर्षणात थोडी शक्ती खर्च होते. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्था मोटारींच्या इंधनखर्चाची जी अधिकृत यादी प्रसिद्ध करते, तीत एकाच मोटारीचे दोन व चार चाकांच्या गतीचे प्रकार पाहिले, तर पुष्कळदा गॅलनमागे एक-दोन मैलांचा फरक आढळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर या जादा खर्चाचा मोबदला फारसा मिळत नाही. कारण तेथे दोन चाकांची पकडही पुरेशी असते.

आपल्याकडील जुन्या जीपमध्ये पुढील चाकांची गती दांडीने जोडता व तोडता येत असे. आजही अनेक जीपमध्ये व बहुतेक फोर-व्हील ट्रॅक्टरांमध्ये हीच सोय आहे. अशा वाहनाची चारही चाके कोरड्या पक्क्या रस्त्यावर जोडलेली ठेवणे हानिकारक होय. वळण घेताना पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते, पण एकत्र जोडलेल्या दोन्ही आसांना तशी मोकळीक नसते. मग टायर रस्त्यावर घासतात, दांड्यावर ताण येतो, आणि डिझेल या झगड्यात वाया जाते. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी सरकून हा ताण आपोआप निघून जातो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तर पुढील चाकांचा वेग मुद्दामच मागील चाकांपेक्षा किंचित, म्हणजे शेकडा १ ते ५ इतका, अधिक ठेवलेला असतो. मऊ जमिनीत त्यामुळे ओढ सुधारते. उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर मात्र तोच गुण दोष ठरतो. पुढील टायर लवकर गुळगुळीत होतात. टायर बदलताना वेगळ्या मापाचे बसविले, तर हा मेळ बिघडतो. यास्तव पुस्तिकेत सांगितलेले मापच वापरावे व दोन्ही टायर एकदम बदलावेत.

छापील आकडा व प्रत्यक्ष खर्च

मोटारीच्या जाहिरातीत लिटरमागे किलोमीटरचा जो आकडा असतो, तो चाचणीगृहात मोटारीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून, ठरलेल्या वेगाच्या क्रमाने काढलेला असतो. आपल्या देशात हे काम करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख होय. ट्रॅक्टरांची परीक्षा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. हे आकडे खोटे नसतात. एका यंत्राची दुसऱ्याशी तुलना करण्यास ते फार उपयोगी आहेत. परंतु रुळावर चिखल नसतो, घाट नसतो, ट्रॉलीत ऊस नसतो. म्हणून छापील आकडा हा तुलनेसाठी आहे. घरखर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नये.

अशा स्वतंत्र परीक्षेचे मोल मात्र कमी लेखू नये. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर या शेतकरी-आमदाराला निकृष्ट ट्रॅक्टरांचा कटू अनुभव आला होता. त्याच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला आणि विक्रीपूर्वी ट्रॅक्टरची परीक्षा सक्तीची करण्यात आली. कारखानदाराचा शब्द व यंत्राची कामगिरी यांत अंतर पडू शकते, हे तेथील शेतकऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते.

शेतात चित्र पालटते

डांबरी रस्ता सोडून ट्रॅक्टर काळ्या रानात उतरला, की हिशेब उलटू लागतो. भुसभुशीत जमिनीत इंजिनाच्या शक्तीपैकी निम्म्याच्या जवळपासच शक्ती प्रत्यक्ष नांगर ओढण्यास मिळते. उरलेली चाके जमिनीत रुतण्यात, घर्षणात व घसरणीत जाते. मागील चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये वजनाचा सुमारे एक-तृतीयांश भाग पुढील चाकांवर असतो आणि हे वजन ओढीच्या कामी येत नाही. पुढील चाकांना गती मिळाली, म्हणजे तेही कामास लागते. मागील चाकांची घसरण कमी होते व तेवढ्याच वेळात अधिक तास पडतात.

येथे एक नेहमीची गफलत टाळली पाहिजे. तासाला किती डिझेल लागले, हे पाहून यंत्राची किफायत ठरवू नये. समजा, एक ट्रॅक्टर तासाला ५ लिटर डिझेल घेतो व २० गुंठे नांगरतो. दुसरा, चारही चाकांचा ट्रॅक्टर, तासाला ५.५ लिटर घेतो, पण २५ गुंठे नांगरतो. तासाच्या हिशेबाने दुसरा महाग दिसतो. एकराच्या हिशेबाने मात्र पहिल्याला १० लिटर लागले व दुसऱ्याला ८.८ लिटर. खरी किफायत एकरी लिटरात असते.

भाड्याने नांगरट करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. दर एकरी ठरला असेल, तर घसरणीचा तोटा ट्रॅक्टरमालकाचा. दर तासाचा असेल, तर तो शेतकऱ्याच्या माथी बसतो.

घसरण घरच्या घरी मोजावी

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मागील चाकावर खडूने ठळक खूण करावी. नांगर उचलून त्याच शेतात चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व अंतर मोजावे. नंतर नांगर जमिनीत घालून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर ४० मीटरमागे ६ मीटर, म्हणजे शेकडा १५ घसरण झाली. साधारणपणे मागील चाकांच्या ट्रॅक्टरला शेकडा १० ते १५ व चारही चाकांच्या ट्रॅक्टरला शेकडा ८ ते १२ घसरण योग्य मानतात. याहून जास्त असेल, तर चाकांवर वजन वाढवावे, टायरमधील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी किंवा नांगराची खोली कमी करावी. याहून फार कमी असेल, तर ट्रॅक्टरवर अनावश्यक वजन लादले आहे असे समजावे.

डिझेल मोजण्याची रीतही तितकीच सोपी आहे. सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, मोजलेला एक एकर नांगरावा, आणि त्याच जागी उभे करून मापाने पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे भरले तेवढा खर्च. हीच परीक्षा पुढील चाके जोडून व सोडून, अशी दोनदा करावी.

वाफसा मात्र सोडू नये

फोर-व्हील ट्रॅक्टर ओल्या रानात सहज चालतो, हा त्याचा गुण आहे आणि धोकाही. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागायतदारांना याचा लाभ मोठा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, तर केवडा रोगावरील फवारणी थांबवून चालत नाही, आणि अरुंद बांध्याचा फोर-व्हील ट्रॅक्टर ओल्या ओळींतूनही पंप नेऊ शकतो. कोकणातील भाताच्या चिखलणीतही त्याचा उपयोग होतो. परंतु काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी नांगर घालणे हे वेगळे. चाके फिरली तरी जमीन दबते, खाली कठीण थर बसतो, मुळे व पाणी त्यातून उतरत नाहीत. तो थर फोडण्यास पुढे जे डिझेल जळेल, त्यापुढे आजची बचत नगण्य ठरेल.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. नांगरट, चिखलणी, ओले रान व मऊ चढ यांसाठी पुढील चाके जोडावीत.

२. कोरड्या पक्क्या रस्त्यावर ती सोडावीत. भरलेली ट्रॉली घेऊन तीव्र उतार उतरताना मात्र जोडलेली ठेवावीत. त्यामुळे पुढील चाकांचाही रोध मिळतो.

३. हिशेब तासाचा न ठेवता एकराचा ठेवावा व वहीत लिहून ठेवावा.

४. खरेदीपूर्वी आपले काम वर्षातून किती दिवस शेतात व किती दिवस रस्त्यावर होते, हे मोजावे. ज्याचा ट्रॅक्टर बहुतांशी वाहतुकीवर चालतो, त्याने जादा किंमत देण्यापूर्वी पुनर्विचार करावा. ज्याची भारी जमीन खोल नांगरटीची आहे, त्याला ती किंमत हळूहळू परत मिळेल.

शेतकरी बंधूंनी येत्या नांगरटीच्या हंगामात ही दोन मोजमापे एकदा अवश्य करून पाहावीत. आपल्याच शेतात, आपल्याच हाताने काढलेल्या आकड्याइतका भरवशाचा सल्लागार दुसरा नाही.